क्रिएटिनिन २.४ आणि निसटलेले साडेचार तास: एक प्रकरण अभ्यास

मूत्रपिंडे अशक्त झालेल्या रुग्णाला स्कॅनसाठी कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या आणि अवयव ठळक दिसावेत म्हणून शिरेतून दिले जाणारे द्रव्य, द्यावे की देऊ नये, हा प्रश्न विकिरण विभागात जवळजवळ रोज उभा राहतो, आणि पुष्कळदा त्याचे उत्तर रुग्णाकडे न पाहता प्रयोगशाळेच्या अहवालावरील एका आकड्याकडे पाहून दिले जाते. पुढे मांडलेले प्रकरण कोणा एका व्यक्तीची नोंद नव्हे. अशा रुग्णांमध्ये वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र जुळवून ते अभ्यासासाठी रचले आहे. प्रकरणातील औषधे, मापे आणि निर्णयांचा क्रम मात्र अशा प्रसंगी प्रत्यक्षात असतो तसाच ठेवला आहे, कारण चूक एखाद्या मोठ्या निर्णयात नव्हे तर या क्रमातच दडलेली असते.

प्रकरण

रुग्ण ६८ वर्षांची स्त्री, वजन ५८ किलो. १८ वर्षांपासून टाइप २ मधुमेह, त्याच्या जोडीला उच्च रक्तदाब, आणि या दोहोंमुळे चौथ्या टप्प्यापर्यंत पोचलेला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार. सहा आठवड्यांपूर्वीच्या तपासणीत रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे मंदावली की रक्तात वाढणारा टाकाऊ घटक) २.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होते. २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने त्यावरून निघणारा ई-जीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, २५ होता. रोजच्या औषधांत टेल्मिसार्टन, टॉर्सेमाइड, इन्शुलिन आणि दिवसातून दोनदा ५०० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन. ई-जीएफआर ३० च्या खाली गेल्यावर मेटफॉर्मिन बंद करायला हवे होते, ते चालूच राहिले होते. याखेरीज गुडघेदुखीसाठी गेला महिनाभर ती डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घेत होती. ही गोष्ट भरतीच्या वेळी लिहिलेल्या औषधांच्या यादीत आली नाही, कारण "मूत्रपिंडाची, साखरेची, रक्तदाबाची कोणती औषधे चालू आहेत" असे विचारले गेले. "दुखण्यासाठी काही घेता का" हे कोणी विचारले नाही.

रात्री दोनच्या सुमारास बेंबीभोवती अचानक असह्य वेदना सुरू झाली, दोनदा उलटी झाली, एकदा पातळ शौचास झाले. पहाटे साडेपाचला ती तातडीच्या विभागात पोचली. नाडी मिनिटाला ११८ आणि अनियमित होती. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची अनियमित लय, जिच्यात हृदयात गुठळ्या होऊ शकतात) दिसले, जे पूर्वीच्या कोणत्याही नोंदीत नव्हते. पोट मऊ होते, दाबल्यावर फारसे दुखत नव्हते, मात्र रुग्ण वेदनेने कूस बदलत होती. रक्तातील पांढऱ्या पेशी १६,८००, लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारा घटक) २.९ मिलिमोल प्रति लिटर, क्रिएटिनिन २.४.

वेदना फार आणि तपासणीत मात्र काही नाही, सोबत नव्याने आढळलेले एट्रियल फिब्रिलेशन: या जोडीवरून आतड्याच्या मुख्य धमनीत गुठळी अडकल्याची शंका कनिष्ठ डॉक्टरच्या मनात आली आणि त्याने तशी नोंदही केली. सीटी अँजिओग्राफीची, म्हणजे कॉन्ट्रास्ट देऊन धमन्या दाखवणाऱ्या सीटीची, विनंती पाठवली गेली. क्रिएटिनिन पाहून विकिरण विभागातून उत्तर आले की कॉन्ट्रास्ट देता येणार नाही, साधा सीटी करून घ्यावा. सव्वासातला कॉन्ट्रास्टशिवाय सीटी झाला. अहवालात लहान आतड्याचे काही वेढे किंचित फुगलेले, पोटात मोकळी हवा नाही, मूतखडा नाही, स्वादुपिंड ठीक, असे लिहिले होते आणि शेवटी "रक्तवाहिन्यांचे मूल्यमापन मर्यादित" हे एक वाक्य होते. ते वाक्य सर्वांनी वाचले. तरीही पुढचे तीन तास संपूर्ण चमूचे वागणे असे राहिले, जणू सीटीत काही आढळले नाही म्हणजे पोटात काही नाही.

लॅक्टेटच्या आकड्याचेही तसेच झाले. "मेटफॉर्मिनमुळे असेल" असे म्हणून तो बाजूला ठेवला गेला, आणि जे औषध या रुग्णाला मुळात चालू असायला नको होते, त्यानेच आणखी एक धागा गोंधळात टाकला.

साडेदहाला मूत्रपिंडतज्ज्ञांना बोलावण्यात आले, तेही वाढलेल्या क्रिएटिनिनसाठी, पोटासाठी नव्हे. रुग्णाला तपासून त्यांनी शल्यचिकित्सकाला पहिला प्रश्न विचारला तो असा: "मूत्रपिंडे बंद पडली तर मी डायलिसिस करीन. आतडे मेले तर तुम्ही काय कराल?" त्यानंतर त्यांनी मुलीला बोलावून घेतले. ती आधीपासूनच घाबरलेली होती. "डॉक्टर, डाय दिला की आईची किडनी जाते म्हणतात, खरं का?" तिने विचारले. त्यांनी उत्तर दिले, "ताई, किडनीवर ताण येऊ शकतो, आणि थोडे दिवस डायलिसिस करावे लागण्याचीही शक्यता आहे, ती मी नाकारत नाही. पण आतड्याचा रक्तपुरवठा खरोखरच थांबला असेल आणि आपल्याला ते कळलेच नाही, तर किडनी वाचवून आई वाचणार नाही." संमतिपत्रावर सही झाली.

अकरा पन्नासला सीटी अँजिओग्राफी झाली. यंत्राचे व्होल्टेज १०० किलोव्होल्टवर आणले होते, कारण कमी व्होल्टेजवर आयोडीन अधिक ठळक दिसते आणि कॉन्ट्रास्टची मात्रा कमी ठेवता येते. ३५० तीव्रतेचे आयोहेक्सॉल ७० मिलिलिटर पुरले. ऊर्ध्व आंत्रधमनीत, म्हणजे आतड्याच्या त्याच मुख्य धमनीत, उगमापासून सुमारे चार सेंटिमीटरवर, मधल्या कोलिक शाखेच्या पुढे प्रवाह तुटलेला होता. हृदयातून सुटलेली गुठळी बहुधा नेमकी याच जागी अडकते. तिथून पुढच्या लहान आतड्याच्या काही वेढ्यांच्या भिंती कॉन्ट्रास्ट घेत नव्हत्या. याखेरीज यकृताच्या उजव्या खंडात, पार वर, छाती आणि पोट यांमधल्या पडद्याजवळ, २२ मिलिमीटरचा एक डाग दिसला. त्याचे स्वरूप स्पष्ट नव्हते, आणि त्या क्षणी त्याची चिंता कोणालाही नव्हती.

रक्त गोठू न देणारे हेपारिन सुरू झाले. ते साधे हेपारिन होते. कमी रेणुभाराचे नव्हे, कारण ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते आणि अशा रुग्णात साचते. दीडला शस्त्रक्रिया सुरू झाली. गुठळी काढण्यात आली, मृत झालेले सुमारे ७० सेंटिमीटर लहान आतडे कापावे लागले, आणि ३६ तासांनी पोट पुन्हा उघडून उरलेल्या आतड्याची खात्री करून घेण्यात आली. या काळात रक्तदाब टिकवण्यासाठी २० तास नॉरअ‍ॅड्रेनॅलिन द्यावे लागले.

क्रिएटिनिन पहिल्या दिवशी ३.३, दुसऱ्या दिवशी ३.९, चौथ्या दिवशी ४.२ झाले. लघवी कमी झाली, पण थांबली नाही. पोटॅशियम ५.४ च्या वर गेले नाही. डायलिसिसची तयारी ठेवली होती; त्याची गरज पडली नाही. दहाव्या दिवशी क्रिएटिनिन २.७ वर आले आणि तिसाव्या दिवशी २.३ वर, म्हणजे ई-जीएफआर सुमारे २३.

हे कॉन्ट्रास्टमुळे झाले का?

क्रिएटिनिनचा आलेख पाहणारा कोणीही "कॉन्ट्रास्टचाच परिणाम" असे म्हणेल. आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्टनंतरच्या मूत्रपिंड-इजेचे पाठ्यपुस्तकातील वर्णन असेच आहे: पहिल्या २४ ते ४८ तासांत चढ, तीन ते पाच दिवसांत शिखर, आणि सात ते दहा दिवसांत उतार. पण हाच आलेख शस्त्रक्रियेनंतरच्या, रक्तदाब खाली गेल्यानंतरच्या किंवा अडलेला रक्तप्रवाह परत सुरू झाल्यानंतरच्या इजेतही तसाच दिसतो. या रुग्णात या साऱ्या गोष्टी एकाच दिवशी घडल्या होत्या. त्यात महिनाभराचे डायक्लोफेनॅक, त्याच्या जोडीला टेल्मिसार्टन आणि टॉर्सेमाइड, म्हणजे वेदनाशामक, रक्तदाबाचे औषध आणि लघवीचे औषध असे जे तिहेरी मिश्रण मूत्रपिंडतज्ज्ञ सर्वांत आधी तोडायला सांगतात, तेही होते. भरतीच्या वेळचे २.४ हे क्रिएटिनिन तर कॉन्ट्रास्टचा एक थेंबही शरीरात जाण्यापूर्वीचे होते.

म्हणूनच गेल्या दशकात शब्दच बदलले गेले. कॉन्ट्रास्टनंतर ४८ तासांत झालेली कोणतीही मूत्रपिंड-इजा ती "कॉन्ट्रास्टशी निगडित" इजा. आणि खुद्द कॉन्ट्रास्टनेच झाली असे दाखवता येईल ती "कॉन्ट्रास्टजन्य" इजा. पहिली ही केवळ कालक्रमाची नोंद आहे, दुसरी कारणाविषयीचे विधान आहे. एका रुग्णाच्या बाबतीत दुसरे विधान करता येणे जवळजवळ अशक्य असते, आणि जुन्या अभ्यासांचा मोठा दोष हाच की त्यांनी कॉन्ट्रास्ट न घेतलेल्या रुग्णांशी तुलना न करताच पहिलीला दुसरी म्हटले. रुग्णालयात दाखल असलेल्या आजारी माणसाचे क्रिएटिनिन कॉन्ट्रास्टशिवायही वरखाली होत असते. मोजपट्टीही येथे थोडी फसवी आहे: तीव्र मूत्रपिंड-इजेच्या केडीआयजीओ (आंतरराष्ट्रीय मूत्रपिंड-मार्गदर्शक गट) निकषात ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅमची वाढ पुरते. मूळ क्रिएटिनिन ०.८ असलेल्या माणसात ही वाढ मोठी आहे, २.१ असलेल्या रुग्णात ती जेमतेम १४ टक्के, म्हणजे दैनंदिन चढउताराच्या जवळपास. याच निकषांत ४.० ओलांडले की तिसरा, सर्वांत गंभीर, टप्पा मानला जातो. आपली रुग्ण मूळ पातळीच्या केवळ दुप्पट जाऊन त्या टप्प्यात बसली.

याचा अर्थ धोका काल्पनिक आहे असा नाही, आणि अलीकडे काही जण तो पूर्णच नाकारतात, तेही मला पटत नाही. या धोक्याची नोंद जुनी आहे. मायलोमाच्या (अस्थिमज्जेतल्या एका कर्करोगाच्या) एका रुग्णात शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्टनंतर लघवी बंद पडल्याचे १९५४ मध्येच प्रसिद्ध झाले होते. यंत्रणाही समजण्यासारखी आहे. मूत्रपिंडाचा आतला भाग, म्हणजे मेड्युला, निरोगी माणसातही ऑक्सिजनच्या काठावर जगत असतो. तेथील ऑक्सिजनचा दाब १० ते २० मिलिमीटर पाऱ्याइतकाच असतो, तर बाहेरच्या भागात तो याच्या कितीतरी पट असतो. कॉन्ट्रास्टमुळे या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, नलिकांमध्ये पाणी शोषले जाताना द्रव दाट होतो आणि रेंगाळतो, आणि नलिकांच्या पेशींवर त्याचा थेट विषारी परिणामही होतो. ज्या मूत्रपिंडात मुळातच थोडे नेफ्रॉन (रक्त गाळणारे सूक्ष्म घटक) शिल्लक आहेत, तेथे प्रत्येक नेफ्रॉनवर हा भार अधिक पडतो. जुन्या काळची कॉन्ट्रास्ट द्रव्ये रक्ताच्या पाच ते सात पट ऑस्मोलॅलिटीची, म्हणजे विरघळलेल्या कणांच्या दाटपणाची, होती. आजची कमी ऑस्मोलॅलिटीची द्रव्ये साधारण ६०० ते ८०० च्या दरम्यान आहेत आणि आयोडिक्सॅनॉल रक्ताइतकेच, २९० च्या आसपास आहे. आजही मनात बसलेली भीती पुष्कळशी त्या जुन्या द्रव्यांच्या काळातली आहे.

मग धोका किती? अमेरिकेतील विकिरणतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने आणि राष्ट्रीय मूत्रपिंड प्रतिष्ठानाने २०२० मध्ये संयुक्तपणे मांडलेल्या सहमतीनुसार शिरेतून दिलेल्या आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्टने होणाऱ्या खऱ्याखुऱ्या इजेचा धोका ई-जीएफआर ४५ किंवा अधिक असेल तर शून्याजवळ, ३० ते ४४ मध्ये ० ते २ टक्के, आणि ३० च्या खाली ० ते १७ टक्के असा अंदाजिला आहे. शेवटची मर्यादा एवढी रुंद आहे यावरूनच ३० च्या खालच्या रुग्णांविषयीचा पुरावा किती विरळ आहे हे कळते. आपली रुग्ण याच गटातली होती. म्हणजे "काही होत नाही, बिनधास्त द्या" असे म्हणायला जागा नव्हती, आणि "देताच येत नाही" असे म्हणायलाही नव्हती. १७ टक्के ही वाईटात वाईट बाजू धरली, तरी दुसऱ्या पारड्यात असा आजार होता ज्यात निदानाला उशीर झाला तर निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात. तातडीच्या शस्त्रक्रियांच्या जागतिक संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे तर स्पष्ट सांगतात की आतड्याचा रक्तपुरवठा थांबल्याची शंका असेल तर मूत्रपिंडे निकामी असली तरीही सीटी अँजिओग्राफी लवकरात लवकर करावी, कारण चुकलेल्या निदानाची हानी कॉन्ट्रास्टच्या हानीहून कितीतरी मोठी असते.

आणखी एक बारकावा. २.४ वरून काढलेला २१ हा ई-जीएफआर त्या पहाटे मुळात अर्थपूर्णच नव्हता. हे सूत्र क्रिएटिनिन स्थिर असेल तेव्हाच लागू पडते. ते चढत असताना खरे गाळण त्याहून कमी असते, उतरत असताना अधिक. ज्या आकड्याने दार बंद केले तो आकडाही तेवढा भरवशाचा नव्हता.

साध्या सीटीने काय गमावले

सव्वासातचा सीटी निरुपयोगी होता असे नाही. मूतखडा, आतड्याला पडलेले छिद्र, स्वादुपिंडाचा दाह हे त्याने बाजूला केले. पण शंका धमनीतल्या गुठळीची होती, आणि कॉन्ट्रास्टशिवाय धमनीचे पोकळपण दिसत नाही. आतड्याच्या भिंतीत हवा किंवा आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेत हवा ही लक्षणे कॉन्ट्रास्टशिवायही दिसतात, पण ती दिसतात तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो. प्रश्न एक आणि तपासणी दुसऱ्याच प्रश्नाची, असे हे झाले. तपासणी बदलली तेव्हा विनंती करणाऱ्या डॉक्टरला फोन करून "याने तुमची शंका फिटणार नाही" असे कोणीतरी सांगायला हवे होते. तसा फोन झाला असता तर संवाद सव्वासातलाच सुरू झाला असता.

रक्तप्रवाह पूर्ण थांबल्यावर आतड्याला साधारण सहा तासांत भरून न येणारी इजा होऊ लागते. वेदना दोनला सुरू झाली; साध्या सीटीच्या वेळी पाच तास पंधरा मिनिटे झाली होती, अँजिओग्राफीच्या वेळी जवळजवळ दहा तास. सव्वासातलाच कॉन्ट्रास्ट दिले असते तर ७० सेंटिमीटर आतडे वाचले असते असे मी म्हणणार नाही. शस्त्रक्रियागृहापर्यंत पोचायला तेव्हाही दीड-दोन तास लागलेच असते. पण काही भाग वाचला असता, रक्तदाब इतका घसरला नसता, आणि गंमत म्हणजे त्यामुळे बहुधा मूत्रपिंडांवरचाही ताण कमी झाला असता. मूत्रपिंड वाचवण्यासाठी घेतलेल्या निर्णयानेच मूत्रपिंडाला अधिक त्रास झाला असण्याची शक्यता येथे खरी आहे.

या प्रवृत्तीला वैद्यकीय लेखनात नावही मिळाले आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्या मूत्रपिंडरुग्णांना, गरज असूनही, अँजिओग्राफी कमी वेळा दिली जाते असे दिसून आल्यावर २००४ मध्ये त्याला "रिनॅलिझम" म्हटले गेले. शब्द थोडा बोचरा आहे, आणि तो तसाच असावा.

जे करता येत होते

ई-जीएफआर ३० च्या खाली असलेल्या रुग्णाला, किंवा तीव्र मूत्रपिंड-इजा चालू असलेल्याला, शिरेतून कॉन्ट्रास्ट देण्याआधी आणि नंतर सलाईन देणे हा एकमेव उपाय आज सर्वमान्य आहे. २०१७ मधल्या आम्सिंग चाचणीत ६६० रुग्णांत सलाईन न देणेही तेवढेच सुरक्षित ठरले, इजेचे प्रमाण २.६ आणि २.७ टक्के आले. पण त्यातील रुग्ण ३० ते ५९ ई-जीएफआरचे होते, म्हणून तो निष्कर्ष या रुग्णाला लावता येत नाही. एकेकाळी अ‍ॅसिटिलसिस्टीन आणि सोडियम बायकार्बोनेट यांवर फार भरवसा होता. २०१८ च्या प्रिझर्व्ह चाचणीत अँजिओग्राफी होणाऱ्या सुमारे ५,००० मूत्रपिंडरुग्णांत या दोहोंपैकी एकाचाही उपयोग दिसला नाही, आणि तो अध्याय बहुतांशी तेथेच मिटला. कॉन्ट्रास्ट काढून टाकण्यासाठी आगाऊ डायलिसिस करण्यानेही लाभ होत नाही. द्रव्य मूत्रपिंडात पोचून काम करून गेलेले असते आणि डायलिसिसचे स्वतःचे धोके उरतात.

या रुग्णाला सलाईन द्यायचे कारण तर वेगळेच होते: उलट्या आणि फुगलेल्या आतड्यात साचलेले पाणी यांमुळे ती आधीच कोरडी पडली होती. पहाटे साडेपाचलाच ते सुरू करायला हवे होते, कॉन्ट्रास्ट द्यायचे ठरो वा न ठरो. प्रत्यक्षात "मूत्रपिंडाचा रुग्ण, पाणी जपून" या सावधगिरीने अकरापर्यंत तासाला केवळ ४० मिलिलिटर सुरू होते. हृदयाची पंपशक्ती ४५ टक्के होती, म्हणजे बेसुमार सलाईन देणेही योग्य नव्हते, हे मान्य. पण छाती तपासत, ऑक्सिजन पाहत टप्प्याटप्प्याने देता येते. टॉर्सेमाइड, डायक्लोफेनॅक आणि मेटफॉर्मिन दारातच थांबवायचे होते. मेटफॉर्मिन आणि कॉन्ट्रास्ट यांचे एकमेकांशी थेट वैर नाही. मूत्रपिंड मंदावले तर मेटफॉर्मिन साचते आणि लॅक्टिक आम्ल वाढू शकते, एवढाच संबंध आहे, आणि म्हणून कॉन्ट्रास्टनंतर ४८ तासांनी मूत्रपिंडे स्थिर आहेत हे पाहूनच ते परत सुरू करतात. या रुग्णाला ते परत सुरू करण्याचा प्रश्नच नव्हता.

जे रुग्ण नियमित डायलिसिसवर आहेत आणि ज्यांना लघवी मुळीच होत नाही, त्यांच्याबाबतचा सावळागोंधळ तर आणखी अनाकलनीय आहे. वाचवण्यासारखे मूत्रपिंड उरलेले नसतानाही त्यांना आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट नाकारले जाते, किंवा दिल्यावर त्याच दिवशी जादा डायलिसिस ठरवले जाते. यातले काहीच आवश्यक नाही. ठरल्या दिवशीचे डायलिसिस पुरते. थोडीफार लघवी शिल्लक असलेल्यांना मात्र जपायला हवे, कारण तेवढ्या लघवीवर त्यांचे पाणी पिण्याचे स्वातंत्र्य अवलंबून असते.

दुसरी भीती

तिसाव्या दिवशी यकृतातला तो २२ मिलिमीटरचा डाग परत पुढे आला. पुन्हा सीटी करून आयोडीन देण्याची कोणाची तयारी नव्हती, आणि या वेळी घाई नसल्यामुळे तो संकोच योग्यच होता. प्रथम कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी केली. तिच्यातले द्रव्य म्हणजे सल्फर हेक्साफ्लोराइड वायूचे सूक्ष्म बुडबुडे. वायू श्वासावाटे बाहेर जातो आणि मूत्रपिंडांचा त्याच्याशी संबंध येत नाही. यकृताच्या गाठीसाठी, मूत्रपिंडरुग्णात, ही तपासणी फार कमी वापरली जाते असे मला वाटते. येथे मात्र डाग पडद्याच्या अगदी खाली, फुप्फुसाआड असल्याने नीट दिसला नाही. एमआरआय ठरला, आणि त्याबरोबर गॅडोलिनियमची, म्हणजे एमआरआयच्या कॉन्ट्रास्टमधल्या धातूची, भीती.

ही भीती आयोडीनच्या भीतीहून वेगळी आहे आणि तिचा इतिहासही वेगळा. २००० मध्ये मूत्रपिंड निकामी झालेल्या १५ रुग्णांत त्वचा लाकडासारखी कडक होणाऱ्या एका नव्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यातले पहिले रुग्ण १९९७ मध्ये दिसले होते. पुढे हा आजार सांधे आखडून टाकतो, हृदय आणि फुप्फुसांतही शिरतो हे कळले आणि त्याला नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस हे नाव मिळाले. त्याचा संबंध गॅडोलिनियमशी आहे हे २००६ मध्ये युरोपातून पुढे आले, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला. तोवर याच द्रव्यांना मूत्रपिंडरुग्णांसाठी आयोडीनपेक्षा सुरक्षित पर्याय मानून मोठ्या मात्रेत वापरले जात होते. आयोडीनला घाबरून जिकडे वळलो तिकडेच हा आजार वाट पाहत होता.

मोकळा गॅडोलिनियम आयन विषारी आहे. आकाराने तो कॅल्शियमच्या आयनाजवळचा आहे आणि त्याच्या कामात ढवळाढवळ करतो. म्हणून तो एका सेंद्रिय रेणूत बांधून दिला जातो. निरोगी मूत्रपिंडांत द्रव्याचा अर्धा भाग साधारण दीड तासात बाहेर पडतो. मूत्रपिंडे फार क्षीण असतील तर त्याला ३० तासांहून अधिक लागू शकतात. तेवढा वेळ बंध टिकला पाहिजे. रेणू सरळ साखळीचा असेल तर तो उघडतो आणि आयन निसटतो. पिंजऱ्यासारखा चक्रीय असेल तर क्वचितच. आजाराचे बहुतेक रुग्ण गॅडोडायमाइड, गॅडोपेंटेटेट आणि गॅडोव्हर्सेटामाइड या तीन सरळ साखळीच्या द्रव्यांनंतरचे होते. अमेरिकेत २०१० मध्ये ही तिन्ही द्रव्ये ई-जीएफआर ३० च्या खाली निषिद्ध ठरली, आणि २०१७ मध्ये युरोपीय औषध संस्थेने शिरेतून देण्यासाठी ती थांबवली. स्थिर द्रव्यांच्या, म्हणजे ज्यांना दुसरा गट म्हणतात त्यांच्या बाबतीत, चौथ्या-पाचव्या टप्प्यातील ४,९३१ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात या आजाराचा एकही रुग्ण आढळला नाही. धोक्याची वरची मर्यादा ०.०७ टक्के निघाली. यानंतर २०२१ च्या सहमतीने असे म्हटले की या गटाच्या द्रव्यांसाठी तपासणी अडवून धरू नये.

हे सारे कागदावर असूनही आपल्या रुग्णाचा एमआरआय दोनदा पुढे ढकलला गेला, कारण विभागातल्या भिंतीवरचा तक्ता २००७ चा होता आणि त्यात "गॅडोलिनियम" हा एकच शब्द होता, द्रव्यांचे भेद नव्हते. अखेरीस आधी कॉन्ट्रास्टशिवायच्या आणि डिफ्यूजनच्या (ऊतकातील पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या) मालिका घेऊन त्या तिथेच पाहिल्या गेल्या. उत्तर जवळजवळ मिळाले होते, पण खात्री नव्हती. मग दुसऱ्या गटातले चक्रीय गॅडोटेरेट, किलोमागे ०.१ मिलिमोल, म्हणजे ११.६ मिलिलिटर, एकदाच. डाग कडेकडून हळूहळू भरत गेला: निरुपद्रवी हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ. त्यानंतर डायलिसिस ठरवले नाही. चक्रीय द्रव्यांचाही अल्पांश मेंदू आणि हाडांत राहतो. २०१४ पासून ज्ञात असलेल्या या साठ्याने कोणता आजार होतो हे सिद्ध झालेले नाही, पण द्रव्य गरजेपुरतेच आणि एकदाच द्यावे एवढे म्हणायला ते पुरेसे आहे. मुलीला हेही सांगण्यात आले.

रुग्ण घरी गेली तेव्हा तिच्या फाइलवर लाल शाईत "कॉन्ट्रास्ट अ‍ॅलर्जी" असे लिहिलेले होते. कोणी लिहिले ते कळले नाही. क्रिएटिनिन वाढणे म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे; पुरळ, धाप, रक्तदाब कोसळणे यांतले तिला काहीही झाले नव्हते. ते दोन शब्द तसेच राहिले असते तर पुढे तिला पक्षाघाताचा झटका आला असता तरी मेंदूच्या धमन्यांची तपासणी अडली असती, किंवा विनाकारण स्टेरॉइड दिले गेले असते आणि तिची साखर चारशेवर गेली असती. मूत्रपिंडतज्ज्ञांनी ते खोडले, खाली तारीख घातली आणि लिहिले: "ई-जीएफआर २३. आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट गरज असल्यास सलाईनसह देता येईल. गॅडोलिनियम दुसऱ्या गटाचेच. डायक्लोफेनॅक आणि मेटफॉर्मिन कधीही नको."